घर येईस्तोवर

आमच्याकडं बाईच्या माहेरचं कुणी गेलं तर ते बाईला सांगत नाहीत. नवऱ्याला सांगतात, दिराला सांगतात, समोरच्या टपरीवाल्यालासुद्धा कळतं. तिला तेवढं म्हणतात, जरा तब्येत बरी नाही, आठवण काढतायत, चल. मग तिला गाडीत बसवायचं आणि माहेरच्या दारात नेऊन उतरवायचं. जे काय कळायचं ते तिला दारात कळतं. वाटेत रडून तिचा जीव घाबरा होऊ नये, कुठं आडरानात घेरी येऊ नये, म्हणून म्हणे ही रीत. चांगल्या मनानंच करतात सगळे. तरी मला या रीतीचा इतका राग आहे, की माझ्यासमोर कुणी तिचं नाव काढलं तर मी हातातलं काम टाकून भांडायला उभी राहते. मी तोंडाळ आहे, हे सगळ्या पानशेतला माहीत आहे.

पानशेतला धरणाच्या अलीकडं आमचं पिठलं-भाकरीचं हॉटेल. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, चार बाकं आणि दोन चुली. शनिवार-रविवार पुण्याची माणसं येतात, पाण्याचे फोटो काढतात, ठेचा खाऊन नाक पुसत गाडीत बसतात. माझा धाकटा दीर तेव्हा टुरिस्ट गाडी चालवायचा. पाहुण्यांना पाबे घाट, तोरणा, मढे घाट, भाटघरचं पाणी असं सगळं फिरवून आणायचा. कुठं गाडी थांबवली की बायका 'अय्या' म्हणतात, कुठून राजगड आणि तोरणा एका फोटोत येतात, सगळं त्याला पाठ. मी त्याच पाहुण्यांना वीस वर्षं भाकरी वाढली. ते काय बघून येतात, ते मात्र मी कधी बघितलं नव्हतं. माहेरी जायचं तर एसटीनं, तेही पुण्याकडून, मांडीवर पिशवी आणि पिशवीवर पोरगं.

माझं माहेर भोरच्या पुढं, महाडच्या रस्त्याला, नीरा देवघरच्या पाण्याच्या काठी. माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, एका भादव्यात पहाटे झोपेतच गेले. मला ते दुपारपर्यंत माहीत नव्हतं. घरात तेव्हा एकच मोबाईल, तो नवऱ्याच्या खिशात. त्यानं फोन घेतला, बाहेर जाऊन भावाशी काहीतरी बोलला आणि आत येऊन मला म्हणाला, तात्या अंगणात घसरून पडलेत, पाय मुरगळलाय, तुला बोलावलंय. मी निघते म्हणाले, आणि लागलीच हेही म्हणाले, की म्हाताऱ्याला कितीदा सांगितलं शेवाळावरून चालू नको म्हणून. नवरा चुलीकडं बघत उभा राहिला.

दीर गाडी घेऊन आला. त्याची बायको, माझी जाऊ, मागच्या सीटवर बसली. नवरा म्हणाला, मी हॉटेल आवरून मागून मोटरसायकलवर येतो. मला पुढं बसवलं. मी पेटीतली बरी साडी नेसले होते, केसांत दारातल्या शेवंतीची दोन फुलं माळली होती. माहेरी जाताना बाई नटणार नाही तर कधी नटणार?

पानशेतहून खाली आलो आणि रांजण्याच्या अंगानं गाडी पाबे घाटाला लागली. काय सांगू! डोंगर सगळा सोनकीनं पिवळा झालेला, कडेनं तेरडा, खाली भाताची खाचरं भरलेली, आणि वळणावळणाला ढग गाडीच्या आडवे येत होते. मी लहान पोरासारखी काचेला नाक लावून बसले. भावजी, हे काय, भावजी, ते काय, असं विचारत होते. तोही सांगत होता, पाहुण्यांना सांगतो तसं. खिंडीत त्यानं न सांगता गाडी थांबवली. समोर तोरणा, त्याच्या अंगाला राजगड, मधे ऊन. मी खाली उतरले आणि मोठ्यानं म्हणाले, अगं बाई, हे असं आहे होय! मागं जाऊ गाडीतून उतरली नाही. तिचे डोळे लाल दिसले. मी विचारलं तर म्हणाली, सर्दी झालीय. मी तिला ओव्याची पुरचुंडी हुंगायला दिली.

वेल्हे गेलं, मार्गासनी गेलं. नसरापुरात मी गाडी थांबवायला लावली. तात्यांच्या पायाला चोळायला तेल घ्यायचं होतं. दुकानदारानं दोन बाटल्या दाखवल्या, मी वास घेऊन घेऊन त्यातली एक निवडली, भाव केला. दीर गाडीत स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला होता. मला वाटलं, दमला असेल. कापूरहोळला मी वडापाव खाल्ला. तो म्हणाला, भूक नाही. भाटघरचं पाणी दिसलं तेव्हा मी गाणं गुणगुणत होते. एवढं सुंदर मी आयुष्यात काही बघितलं नव्हतं, आणि तात्यांना जाऊन काय काय सांगायचं ते मनात जुळवत होते. तात्या, आमच्या पलीकडच्या डोंगरात हे असलं आहे, तुम्ही बरे व्हा, भावजींना सांगून तुम्हाला दाखवते.

निगुडघर मागं पडलं, आणि आमच्या वाडीच्या वळणावर पांढऱ्या टोप्या दिसल्या. रस्त्याच्या कडेनं माणसं बसलेली. मला वाटलं, एवढी माणसं पाय बघायला? गाडी थांबली. मी तेलाची बाटली हातात घेऊन हसत उतरले. ओट्यावरच्या बायकांनी मला बघितलं आणि एकदम हंबरडा फोडला. तेव्हा मला अंगणात बांबू दिसले.

तात्यांचं तोंड मला बघायला मिळालं. लेक आल्याशिवाय उचलायचं नाही म्हणून सगळे थांबले होते. मी पाणी पाजलं, पाया पडले. पण भावकीतली एक म्हातारी माझ्या पाठीमागं पुटपुटली, बाप गेला आणि ही फुलं माळून आली. माझ्या आईनं पुढं होऊन माझ्या केसांतली शेवंती काढली. ते मला आजही सहन होत नाही. बाप अंगणात निजलेला, गाव उन्हात तिष्ठत बसलेलं, आणि मी वडापाव खात होते, गाणं म्हणत होते. सगळ्यांना माहीत होतं. नवऱ्याला, जावेला, दिराला. मला एकटीला डोळ्यांवर पट्टी बांधून आणल्यासारखं आणलं.

तेरावं झालं, मी परत पानशेतला आले आणि दिराशी बोलणं टाकलं. नवऱ्याला तर फैलावर घेतलंच, पण राग सगळा दिरावर निघाला. कारण तो सावकाश आला. एका जागी नाही, चार जागी गाडी थांबवली. दाखवत बसला मला तोरणा. त्याचा चहा मी त्याच्यापुढं आपटून ठेवायची. अख्खा हिवाळा असा गेला. तो गुमान चहा प्यायचा, कप विसळून ठेवायचा. शेवटी एक दिवस मीच फुटले. म्हटलं, भावजी, लाज नाही वाटली? माझा बाप मेलाय आणि तुम्ही मला सहल घडवता?

त्यानं कप खाली ठेवला. म्हणाला, "वैनी, तुमी हसत हुता. मला गाडी जोरात हाणवंना. जेवढं लवकर पोचवीन तेवढं लवकर तुमचं हसू जाईल, हे मला दिसत हुतं."

मी म्हटलं, माझं हसू माझं, ते ठेवायचं की टाकायचं ते मी बघेन, तुम्ही कोण ठरवणारे? तो म्हणाला, बरोबर आहे वैनी. एवढंच. वाद घालायचा त्याचा स्वभाव नव्हता, आणि भांडणाऱ्या बाईला त्याचाच जास्त संताप येतो.

मग मी त्याला म्हटलं, मला गाडी शिकवा. यापुढं मला कुणी गाडीत घालून न्यायचं नाही. मी जाईन तर माझ्या हातानं जाईन. नवरा हसला, सासू म्हणाली बाईमाणसानं कशाला, पण दिरानं दुसऱ्या दिवशी सकाळी चावी माझ्या हातात दिली. धरणाचं पाणी उतरलं की काठाला सपाट गाळाचं रान उघडं पडतं, तिथं त्यानं मला शिकवलं. मी क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडायची, आणि तो दाराचं हँडल दोन्ही हातांनी धरून म्हणायचा, झकास, वैनी, झकास. एकदा मी गाडी थेट म्हशींच्या कळपात घातली. म्हशी हलल्या नाहीत, गाडी बंद पडली, गुराख्याची म्हातारी शिव्या देत आली. दीर खाली उतरून तिच्या पाया पडला आणि माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला, आजी, ह्या पुण्याच्या मॅडम हायेत, नवीन हायेत.

हळूहळू मला घाट जमला. सोमवारी हॉटेल बंद असतं. त्या दिवशी मी, जाऊ आणि दीर असे निघायचो. मी चालवायची, तो शेजारी बसायचा, जाऊ मागं शेंगा सोलत. मढे घाटाच्या टोकाला जाऊन खाली कोकण बघून यायचो, कधी केळदच्या रानात, कधी भोरला बाजार करून भाटघरच्या काठानं परत. माझ्या माहेराला नेणाऱ्या त्या रस्त्यानं मी किती वेळा गाडी चालवली असेल. त्या वाटेवर मला तात्यांची आठवण यायची, पण मी थांबले नाही. तोरणा पहिल्यांदा चोरून दाखवला होता, तो आता मी उघड्या डोळ्यांनी बघत होते. माझा राग गेला म्हणणार नाही. पण दिरावर धरायचा तो सुटला. माणूस इतका गोड असेल तर राग धरून किती दिवस बसणार?

एका सोमवारी खिंडीत चहा पिताना मी त्याला ऐकवलं होतं. म्हटलं, ऐकून ठेवा भावजी, या घरात मला कुणाला आणायला पाठवलं ना, तर मी गाडीत बसवायच्या आधी सांगणार. खरं ते सांगणार. तो नुसता हसला. "आधी सांगून बगा, वैनी," म्हणाला, "मग बोला."

गेल्या वर्षी शिमगा झाल्यावर एका सकाळी तो अंगणात गाडी धूत होता आणि तिथंच बसला. बसला तो पडला. हातात पाण्याचा पाईप तसाच चालू. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. पन्नाशीही नीट ओलांडली नव्हती त्यानं.

त्याला एकच मुलगी. भाटघरच्या पलीकडं एका वाडीत दिलेली. आप्पा म्हणायची बापाला, आणि बापाची भारी लाडकी. तिला आणायला कोण जाणार, हा विषय निघाला. माझा नवरा दवाखान्यात अडकलेला, कागदपत्रं, अँब्युलन्स, भावाला घरी आणायचं. बाकीचे पुरुष सरणाच्या तयारीला. मी म्हटलं, मी जाते. कुणी नको म्हणालं नाही. त्याचीच गाडी, अर्धी धुतलेली, टपावर साबण वाळलेला. मी तशीच काढली.

जाऊ दारात बसली होती. रडून रडून तिचा आवाज गेला होता. तिनं माझा पदर धरला. म्हणाली, "जाऊबाई, तिला घर येईस्तोवर काय सांगू नका. तुमचा सोभाव मला ठावं हाय. एवढं एकच मागते. तेवढी वाट तरी माझ्या पोरीला बाप राहू द्या."

मी मान हलवली. हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. तिला वाटलं, हो म्हणाले.

जाताना रस्ता मला दिसलाच नाही. कुठं वळले, कुठं गिअर टाकला, काही आठवत नाही. तिच्या सासरी सगळ्यांना फोन गेला होता. जावयानं शहाणपणा करून तिचा मोबाईल सकाळीच काढून घेतला होता, दुरुस्तीला टाकतो म्हणून. हल्ली रीत पाळायची तर तेही करावं लागतं. कुणी ना कुणी फोटोला हार घालून स्टेटसला ठेवतोच. विहीणबाईंनी मला दारातच डोळ्यांनी खूण केली. त्या आणि जावई जनावरं शेजाऱ्याच्या हवाली करून मागून येणार होते.

पोरगी मला बघून धावत आली. मोठ्याई, तू स्वतः गाडी घेऊन आलीस? आप्पांनी पाठवलं? मी म्हटलं, आप्पांच्या छातीत जरा दुखतंय, दवाखान्यात दाखवलंय, तुझी आठवण काढली. ती लगेच चिडली. तंबाखू, तंबाखू, कितीदा सांगितलं त्यांना तंबाखू सोडा म्हणून. मला माझे शब्द आठवले, म्हाताऱ्याला कितीदा सांगितलं, ते. मी म्हटलं, चल बस.

ती पुढं बसली. नवी साडी नेसली होती, बापासाठी डबा घेतला होता, नाचणीची भाकरी आणि शेवग्याची भाजी, तेल न घातलेली. भाटघरच्या काठानं गाडी निघाली. पाणी उतरलेलं, काठाला कलिंगडाचे वेल लावलेले. ती बोलत होती आणि मी ऐकत होते. तिच्या सासूचं बोलली, नव्या गाईचं बोलली. लहानपणी आप्पा तिला मांडीवर बसवून स्टिअरिंग धरायला द्यायचे, त्याचं बोलली. आप्पांना आता मी माझ्याकडं महिनाभर आणून ठेवते, बघू कसे तंबाखू खातात, असं म्हणाली. मी हं म्हटलं. रडू फुटेलसं वाटलं की मी हॉर्न वाजवत होते, समोर कुणी नसताना. कापूरहोळला तिनं विचारलं, मोठ्याई, तू काही खाल्लंस का? मी म्हटलं, भूक नाही.

माझ्या मनात काय चाललं होतं ते मी कुणाला सांगू? मला माझी शेवंती दिसत होती. ही पोरगी दारात हसत उतरणार, हातात डबा, आणि बायका हंबरडा फोडणार. तिच्या पाठीमागं कुणीतरी काहीतरी पुटपुटणार. आयुष्यभर तिला वाटणार, आप्पा सकाळीच गेले होते आणि मी रस्त्यानं गाईच्या गोष्टी सांगत होते. मोठ्याईला माहीत होतं. आणि दुसऱ्या बाजूनं जावेचा तो हात, पदराला धरलेला. एकदा वाटायचं आत्ता सांगावं, एकदा वाटायचं घर येऊ दे. नसरापूर गेलं, मार्गासनी गेलं, वेल्हे गेलं. प्रत्येक गावाला मी म्हणत होते, या गावाला सांगते. ते गाव मागं पडायचं. आणि गाडी? गाडी मी इतकी सावकाश चालवत होते, की मागचे ट्रॅक्टरवाले हॉर्न मारून पुढं जात होते. भावजी, तुम्हाला किती बोलले मी.

पाबे घाट चढताना डोंगर वाळून करडा झालेला, मधे मधे पांगारा लाल पेटलेला. खिंडीत आल्यावर ती म्हणाली, मोठ्याई, थांब ना जरा. इथं रेंज असते म्हणायचे आप्पा, इथून फोन लावू. मी गाडी थांबवली. तिनं माझा मोबाईल घेतला आणि बापाचा नंबर लावला. बंद होता. मग तिनं बोलून निरोप पाठवायचं बटण दाबून धरलं, मोबाईल तोंडाजवळ नेला आणि तोरण्याकडं बघत बोलायला लागली.

"आप्पा, आमी खिंडीत पोचलो. मोठ्याई लई भारी गाडी चालवती, तुमच्यापरीस भारी. डबा आणलाय. आल्या आल्या तंबाखूची डबी माझ्या हातात द्यायची, सांगून ठिवते. आमी आल्यावर दारापातुर येऊ नका. निजून ऱ्हावा, उठू नका."

माझ्याच्यानं पुढं ऐकवलं नाही. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "बाळा, आप्पा गेले. सकाळीच गेले."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं मोबाईलकडं बघितलं. तो निरोप गेला होता, एक खूण उमटली होती. तिनं त्यावर बोट धरलं आणि तो पुसून टाकला. हळूच, व्यवस्थित. मोबाईल माझ्या मांडीवर ठेवला, दार उघडून खाली उतरली आणि चाकापाशी उकिडवी बसली. आवाज येत नव्हता, पाठ हलत होती. मी तिच्याजवळ बसले. तिला जवळ घेतलं तर तिचं अंग थंड पडलेलं. तेवढ्यात बुलेटवरून आलेलं एक जोडपं जवळ आलं आणि मोबाईल पुढं करून म्हणालं, काकू, आमचा एक फोटो काढाल का, मागं किल्ला येऊ द्या. मी त्यांच्यावर अशी ओरडले, की ते बिचारे गाडी ढकलतच पळाले. त्यांचं काय चुकलं होतं? ते डोंगर बघायला आले होते.

बराच वेळ गेला. मग तिनं डोळे पुसले आणि विचारलं, आईला माहीत आहे का तू मला सांगणार होतीस? मी म्हटलं, नाही. तिनं हात जोडून सांगितलं होतं, सांगू नका म्हणून. घर येईस्तोवर तुला बाप असू दे म्हणाली होती. मला राहवलं नाही. तुला आंधळ्यासारखं नेववेना. पोरगी ऐकत होती. मला वाटलं, आता ही मला काहीतरी बोलेल. बरं केलंस म्हणेल, नाहीतर का सांगितलंस म्हणेल. दोन्ही ऐकायची माझी तयारी होती.

ती गाडीत जाऊन बसली. बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन तोंड धुतलं. पदरानं पुसलं. आरशात बघून कुंकू नीट केलं. मग पुन्हा एकदा पाणी मारलं, डोळ्यांना. म्हणाली, चल. रांजणं मागं पडल्यावर तिनं तोंड उघडलं.

"मोठ्याई, आईला सांगू नकोस. मला म्हाईत न्हाई, असंच ऱ्हाऊ दे. तिनं तेवढंच मागितलं हुतं ना?"

मी म्हटलं, अगं, पण तुला जमेल का? ती डबा मांडीवर घेऊन बसून राहिली.

घर आलं. रस्त्याच्या कडेला टोप्या, ओट्यावर बायका. मी गाडी थांबवली आणि आतच बसून राहिले. ती उतरली. हातात डबा. चेहऱ्यावर, देवाशपथ सांगते, हसू होतं. ओट्याकडं बघत, रोजच्या आवाजात, तिनं विचारलं, आई, आप्पा कुठं हायेत? आणि बायकांनी हंबरडा फोडला. जाऊ धावत आली, तिच्या गळ्यात पडली. मग पोरगी ओरडली. तो ओरडा खरा होता. तिनं तो खिंडीपासून तोंडात दाबून आणला होता.

दहाव्यापर्यंत माणसं येत होती. जो येईल त्याला जाऊ तेच सांगायची. जाऊबाईंचे उपकार आहेत, म्हणायची, एवढ्या तोंडाळ, पण शब्द पाळला. माझी लेक हसत आली दारापर्यंत. घर येईस्तोवर तिला बाप होता. ती असं सांगायची तेव्हा तिच्या तोंडावर जरा शांत भाव यायचा, तेवढ्यापुरता. मी चुलीकडं तोंड करून चहा ओतत असायची.

आणि पोरगी आईच्या शेजारी बसून, तिचा हात हातात घेऊन, प्रत्येक वेळी मान हलवायची आणि म्हणायची, "व्हय. मला कायबी म्हाईत नव्हतं."